डॉक्टर मला बाहेर बोलले ते

नवऱ्याला ठाऊक नाही, भावाला नाही, आणि आईला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगते आहे, कारण गेल्या आठवड्यापासून मला माझीच इतकी चीड येते आहे की गप्प बसवत नाही.

माझी आई धसईची. बाजारात भाजी घेऊन बसायची, एरवी शेतात. तिला साखर होती, त्यात पायाच्या शिरा बंद झाल्या. अंगठा काळा पडला. कल्याणच्या एका दवाखान्यात तिला नेलं. तिथल्या तरुण डॉक्टरांनी फुग्यानं शीर मोकळी केली आणि मग मला एकटीला बाहेर बोलावलं.

त्यांनी काही लपवलं नाही. रक्त घोट्यापर्यंत पोचलंय, म्हणाले, पण पावलातल्या बारीक शिरा पार गेल्यात. जखम भरेल अशी आशा थोडीच. आत्ता गुडघ्याखाली पाय काढला तर नकली पाय लावून त्या चालतील. थांबलो तर कदाचित वाचेलही — पण सडणं वर चढलं तर मांडीतून कापावा लागेल, आणि मग या वयात चालणं कठीण. आईंना विचारा, मीही येतो समजवायला.

मीच विचारते, म्हटलं मी.

पण विचारलं का मी?

"काय बोलला गो डाक्टर?" आईनंच विचारलं.

"बरा होईल बोलले. टाइम लागेल जरा."

"मंग आवणीला हाय मी," ती हसून म्हणाली.

बाहेर येऊन डॉक्टरांना सांगितलं — आई पाय काढायला तयार नाही.

याला माया म्हणू? कसली माया! 'कापायचा' म्हटलं असतं तर ती रडली असती, आणि मला ते बघायचं नव्हतं. बस, एवढंच. पाय तिचा, आयुष्य तिचं, आणि ठरवून मोकळी झाले मी!

आवणी, भाताची लावणी, तिच्याविना झाली. भात पोटरीला आलं तरी ती खाटेवरच. पट्टी सोडली की वासानं घरात उभं राहवत नव्हतं. शेवटी ताप चढला, आणि पाय मांडीतून गेला. शुद्धीवर आल्यावर तिनं चादर चाचपली आणि माझ्याकडे पाहिलं.

तेवढ्यात तेच डॉक्टर आत आले. मी त्यांच्यावर तुटून पडले — तुम्हीच म्हणालात बरा होईल म्हणून! फसवलंत आम्हाला! सगळा वॉर्ड ऐकत होता. "ताई, मी तर तुम्हाला..." एवढं बोलून त्यांनी आईकडे पाहिलं आणि थांबले. तिच्यासाठी थांबले ते. मी काय केलं? आणखी मोठ्यानं ओरडले.

गावात अजून कौतुक होतं, पोरीनं डॉक्टरला कसा धुतला! ऐकलं की अंगाची आग होते — गाववाल्यांवर कशाला चिडू, त्यांना हे मीच तर सांगितलं.

आई आता शहापूरला माझ्याकडे असते. येईल त्याला सांगते, डाक्टर खोटारडे. गेल्या आठवड्यात मुर्बाडहून मामा आला. त्यालाही साखर आहे, त्याच्याही पायाचं बोट काळं पडलंय, शिरा तपासायला कल्याणला जा म्हणून तिथल्या डॉक्टरांनी त्याला सांगितलंय. तो बहिणीला विचारायला आला होता.

"जाऊ नको रे," आई म्हणाली. "माजा पाय बघ."

मी भाजी निवडत ऐकत राहिले. त्याला सोडायला स्टँडवर गेले तेव्हा कुठे म्हटलं, "मामा, जा तू कल्याणला. आईचं ऐकू नको."

मामा हसला. "आईचं कुठं? डाक्टर लबाड हायेत ह्ये तुज्याच तोंडून ऐकलंय मी. तवाची तू खोटी का आताची?"

तेव्हाची — एवढंच म्हणायचं होतं. गाडी लागली, तो लंगडत चढला, खिडकीशी बसला, मला हात केला. गाडी सुटेपर्यंत मी तिथेच उभी होते, आणि तो शब्द मी उच्चारला नाही.