झोपेचं विचारणारी बाई

झोप अन् काळजी यांचा अभ्यास करणारी एक बाई आमच्या शिरड शहापुरात घरोघर फिरून राहिली होती. तिचं नाव माझ्या ध्यानात न्हाई. उत्तर पटलं न्हाई की पेनाला टोपण लावायची, हे ध्यानात आहे.

तिनं विचारलं, "बाबा, झोप लागते का?"

म्हणलं, "पोरगं फौजेत आहे माझं. फौजीच्या बापाला कसली काळजी? पडलो की घोरतो."

"आणि आजींना?"

"तिलाबी लागते. लिहून घ्या."

आमच्याकडं घरधनीच सगळ्यांचं सांगतो. पण तिनं टोपण लावलं अन् म्हणली, "आजींची झोप आजींनाच माहीत."

बायको चुलीपाशी होती. तिथूनच बोलली, "मला कुठली झोप, माय? पोरगं सरहद्दीवर गेल्यापासून हे रातभर अंगणात फिरतात. पाय वाजले तर झोप मोडते, न्हाई वाजले तर जीव घाबरा होतो."

मला राग आला. परक्या माणसापुढं असं बोलावं काहून? पण खोटं आहे, असंबी म्हणवेना.

बाई हसली न्हाई. एवढंच म्हणली, "बाबा, तुमचं परत विचारू का?"

म्हणलं, "विचार."