पाच स्टार कोणी दिले

मीटिंग रूमच्या स्क्रीनवर जे वाक्य होतं, ते माझं होतं. ‘मी बुक केलेली नसताना ही कॅब आज पुन्हा माझ्या बिल्डिंगबाहेर उभी आहे.’ इंग्रजीत लिहिलेलं, खाली नाव नाही. नावाच्या जागी फुल्या होत्या. टेबलाभोवती आम्ही सहा-सात जण होतो आणि ते वाक्य माझं आहे हे फक्त मला माहीत होतं.

मी बेंगळुरूत एका कॅब कंपनीत काम करते. ॲप उघडल्यावर प्रवाशाला आणि ड्रायव्हरला जे शब्द दिसतात, ते लिहिणं हे माझं काम. ‘तुमचा ड्रायव्हर पोहोचला आहे’, ‘प्रवास कसा झाला?’, तक्रार केल्यावर येणारा मेसेज, ड्रायव्हरला जाणारी ताकीद, हे सगळं. माझे शब्द लोक वाचतात, पण ते कोणीतरी लिहिले असतील हे कोणाच्या मनातही येत नाही. मला ते बरं वाटतं. मी फार बोलत नाही.

दर आठवड्याला आमचा रिव्ह्यू असतो. सपोर्ट टीमला ज्या तक्रारींचा निर्णय करता येत नाही, त्यांतल्या काही आम्ही एकत्र बसून बघतो. प्रवाशाचं नाव आणि नंबर झाकलेला असतो. त्याला आम्ही मास्किंग म्हणतो. बाकी तक्रार, दिलेलं रेटिंग आणि ड्रायव्हरचा रेकॉर्ड समोर असतो. माझी तक्रार इथपर्यंत येईल असं मला वाटलं नव्हतं. मी सपोर्टला लिहिलं होतं, ऑफिसला नाही. दोन्ही एकच आहेत हे मला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं होतं.

“हिने फाइव्ह स्टार दिलेत,” वसुधा म्हणाली. वसुधा आमची मॅनेजर. मूळची म्हैसूरची, कामात चोख, कोणावर आवाज चढवत नाही. “ट्रिप संपल्या संपल्या पाच स्टार. आणि दोन दिवसांनी तक्रार.”

“कूपन मिळालं नसेल,” सौरभ म्हणाला. सौरभ नागपूरचा, डेटा बघतो. मीटिंग लांबली की विनोद करायचं काम त्याने स्वतःकडे घेतलं आहे. मग माझ्याकडे वळून मराठीत हळूच म्हणाला, “पाच स्टार देऊन मग घाबरली. आधी आरती, मग तक्रार.”

बाकीचे अजून कूपनवरच हसत होते. मीही हसले. तेच अजून खुपतं.

झालं होतं ते असं. संध्याकाळी ऑफिसमधून कॅब घेतली. आम्ही सर्जापूर रोडच्या आत एका अपार्टमेंटमध्ये राहतो. बाबा सरकारी कारखान्यातून रिटायर झाल्यावर तिथे घर घेतलं. ड्रायव्हर वाटेत बोलत होता. घरी कोण कोण, लग्न झालं का, रोज याच वेळेला सुटता का. मी तुटक उत्तरं दिली, पण दिली. आरशातून तो माझ्याकडे बघत होता. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

गेटवर वॉचमन अण्णांनी खिडकीपाशी वाकून नेहमीसारखं विचारलं, कुठला फ्लॅट? मीही नेहमीसारखा नंबर सांगितला, मोठ्याने.

गाडी थांबल्यावर ड्रायव्हरने मागे हात केला. “स्वल्प फोन कोडी मॅडम. फाइव्ह स्टार नाने हाकतीनि.” म्हणजे, जरा फोन द्या, पाच स्टार मीच टाकतो. तो हसत होता. दार अजून लॉक होतं. मुद्दाम की सवयीने, मला सांगता येणार नाही. मी फोन दिला.

रेटिंगच्या त्या स्क्रीनवरचा प्रत्येक शब्द माझा आहे. ‘तुमचं मत मोकळेपणाने सांगा, ते ड्रायव्हरला दिसणार नाही.’ तो स्क्रीन ड्रायव्हरच्या हातात होता आणि मी मागे पर्स मांडीवर धरून त्याचं आटपायची वाट बघत होते. त्याने पाच चांदण्यांवर बोट ठेवलं. तेवढ्यात वर आईचा व्हॉट्सॲप मेसेज आला, तोही त्याने वाचला असणार. मग फोन परत दिला, लॉक उघडलं. मी “थँक्यू” म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेटबाहेर होता. “ऑफिस, मॅडम?” मी नकारार्थी मान हलवून पुढे गेले. त्याच्या पुढच्या दिवशी त्याने अण्णांकडे माझी चौकशी केली, फ्लॅट नंबर सांगून. तेव्हापासून मी मागच्या बाजूने, कचऱ्याच्या खोलीजवळच्या छोट्या गेटने बाहेर पडत होते. आईला सांगितलं की बस तिकडून जवळ पडते. तक्रार केली तेव्हा पाच स्टारबद्दल काही लिहिलं नाही. काय लिहिणार होते?

मीटिंगमध्ये वसुधा शांतपणे ड्रायव्हरचा रेकॉर्ड वाचत होती. आधीची तक्रार नाही. रेटिंग चांगलं. “याला आपण ब्लॉक करू शकत नाही. रेटिंगच तक्रारीच्या विरोधात आहे. वॉर्निंग पाठवू आणि क्लोज करू.” क्लोज म्हणजे फाइल बंद. पुन्हा कोणी बघत नाही.

तिने वॉर्निंगचा मेसेज उघडला. तोही माझाच. पूर्वी ड्रायव्हरना नुसतं ‘तुमच्याविरुद्ध तक्रार आहे’ एवढंच जायचं. बिचाऱ्यांना कळायचंच नाही की चुकलं काय. म्हणून मी त्यात कारणाची एक ओळ घातली होती. तेव्हा वसुधाने सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. आता त्या ओळीत आपोआप भरलं गेलं होतं: ‘कारण: प्रवाशाच्या घराबाहेर थांबणे.’

खाली ‘पाठवा’चं बटण होतं. वसुधाचा हात माउसवर होता.

“थांब,” मी म्हणाले. माझा आवाज इतका बारीक आला की सौरभला ते पुन्हा सांगावं लागलं. “ती थांब म्हणतेय.”

वसुधाने माझ्याकडे बघितलं. मी टेबलाकडे बघत म्हणाले की हा मेसेज गेला तर तक्रार कोणी केली ते त्याला कळेल.

“नाव मास्क केलंय.”

“तो किती जणींच्या घराबाहेर थांबला असेल?”

वसुधा वाईट माणूस नाही. तिने विचार केला. मग म्हणाली की त्याला कळणं वेगळं, आणि आपण सांगणं वेगळं. आपल्याकडून काही उघड होतंय का, एवढं बघू. “सौरभ, नाव न बघता तुला कळतं का बघ, कोण आहे ते.”

मी मीटिंगमधून उठून जायला हवं होतं. पण दाराजवळची खुर्ची माझी नव्हती.

सौरभने ट्रिपचा नकाशा उघडला. एक निळी रेघ आली. “पिकअप…” तो वाचता वाचता थांबला. “अरे. हे तर आपल्या ऑफिसचं गेट आहे.” मग त्याने रेघेचं दुसरं टोक बघितलं. “सर्जापूर रोड.”

खोलीत दोनच जणी त्या बाजूला राहणाऱ्या. मी आणि रेश्मा. रेश्मा ॲपची टेस्टिंग करते, मोठ्याने बोलते, सगळ्यांना तिच्या घराचा पत्ता, भाडं आणि घरमालकाचं भांडण माहीत आहे. सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी कुठे राहते हे त्यांच्या लक्षात नव्हतं.

मी गप्प बसले. फार वेळ नाही, पण बसले. रेश्माचा चेहरा लाल झाला तरी बसले.

“माझ्याकडे काय बघताय?” रेश्मा म्हणाली. “मी नाही. माझ्याबरोबर असं झालं असतं तर मी पाच स्टार दिले असते का?”

त्यानंतर गप्प राहणं शक्य नव्हतं.

“मी आहे,” मी म्हणाले. “स्टार मी दिले नाहीत. फोन दिला.”

सौरभने लॅपटॉपची केबल ओढून काढली. स्क्रीन निळा झाला. मग त्याने पाण्याची बाटली उघडली आणि पाणी न पिता बंद केली. वसुधाने बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मग मला विचारलं, अगदी हळू, की फोन का दिला.

“त्याने मागितला,” मी म्हणाले.

मेसेज गेला नाही. सेफ्टी टीममधल्या एकीने आमच्या अण्णांशी फोनवर बोलून घेतलं. गाडी गेटवर दिसायची थांबली. त्याच्यावर काय कारवाई झाली ते मला कळलं नाही. मला ॲपवर उत्तर आलं: ‘आम्ही योग्य ती पावलं उचलली आहेत. चालकाच्या गोपनीयतेमुळे अधिक तपशील देता येत नाही.’ ही दोन वाक्यं कमी करत करत मीच इतकी लहान केली होती. ती वाचायला कशी लागतात हे तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी मी रेश्माला सॉरी म्हटलं. ती म्हणाली, “अगं, तू काय केलंस?” मी सांगितलं नाही. मग गेटवरच्या अण्णांना सांगितलं की कॅबच्या खिडकीशी फ्लॅट नंबर विचारू नका, मी आत येऊन सांगेन. ते “सरी, अक्का”, म्हणजे बरं ताई, म्हणाले आणि पुढच्याच कॅबला त्यांनी फ्लॅट नंबर विचारला.

ऑफिसात मात्र तीन गोष्टी बदलल्या. रिव्ह्यूमध्ये आता नकाशा उघडत नाही, कारण नाव झाकलं तरी घर आणि ऑफिस मिळून माणूस दिसतोच. ड्रायव्हरला कारण लगेच जात नाही, बऱ्याच ट्रिपांचं एकत्र करून जातं. आणि रेटिंगचा स्क्रीन गाडीत येत नाही, उतरून थोडं पुढे गेल्यावर येतो. त्यावर मी एक ओळ घातली आहे: ‘रेटिंग देताना फोन कोणाच्याही हातात देऊ नका.’

गेल्या महिन्यात एक नवा डिझायनर आला. मुंबईचा, हुशार. त्याने त्या ओळीवर बोट ठेवलं. म्हणाला, ही काढूया, उगाच जागा जाते. स्वतःचा फोन ड्रायव्हरच्या हातात कोण देतं?

वसुधाने माझ्याकडे बघायचं टाळलं. सौरभने लॅपटॉपमध्ये मान घातली.

“देतात,” मी म्हणाले.

ओळ राहिली.