दार वाजवायला जाणारा माणूस

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते आणि मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होते. हे आधीच सांगून टाकते, कारण गेलेल्या माणसाबद्दल लिहायला बसलं की लोक एकदम गोड होतात आणि मला ते जमत नाही. त्या दिवशी सकाळी त्यानं मला कळवलं होतं की तो पुन्हा कडावकडच्या त्या गावी निघालाय. मी म्हटलं, तीनदा दार तोंडावर लावून घेतलंस, आता चौथ्यांदा कशाला? त्यानं फोन ठेवला. तासाभरानं भाच्याचा फोन... अण्णा चारफाट्याला सहा आसनी रिक्षात बसला होता, रिक्षा भरायची वाट बघत, आणि बसल्या जागीच गेला. शेजारच्या बाईला वाटलं, म्हातारबाबांचा डोळा लागला. माझा थोरला भाऊ, निवृत्त हवालदार, एका बाईची माफी मागायला निघाला होता आणि रिक्षा सुटायच्या आत संपला.

तिसऱ्या दिवशी मला एक मेसेज आला. जोडलेले हात, एक पांढरं फूल आणि खाली सिनेमाचं पोस्टर. ‘काका गेल्याचं कळलं बाई, फार वाईट वाटलं. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीला आम्ही त्यांना श्रद्धांजली वाहणार आहोत.’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा मेसेज पाठवणारा माझा विद्यार्थी. आठवी ते दहावी मी त्याला मराठी शिकवलं. आता तो सिनेमे काढतो, आणि त्याच्या त्या गाजलेल्या गुन्हेगारीपटाचं नाव मी इथे लिहिणार नाही. त्याची जाहिरात माझ्या हातून व्हायची नाही.

अण्णाला सिनेमाचं वेड होतं, त्यातही खून, तपास, पोलीस असल्या सिनेमांचं. वहिनी गेल्यापासून दर रविवारी दुपारी जेवण झालं की तो दहिवलीला माझ्याकडे यायचा, टीव्हीसमोर मांडी ठोकायचा आणि दर पाच मिनिटांनी मला सिनेमा थांबवायला लावायचा. “कुंदे, थांबव गं. पंच कुठायत?” घटनास्थळाचा पंचनामा करताना गावातली दोन तिऱ्हाईत माणसं साक्षीला उभी करावी लागतात, ते पंच. पडद्यावरचा इन्स्पेक्टर मात्र एकटाच येतो, वाकतो, चिमटीत एक केस उचलतो आणि त्याला सगळं कळतं. अण्णा चवताळायचा. म्हणायचा, खरी पंचाईत तर पंच मिळवण्यातच असते, पोलिसाची गाडी दिसली की अख्खं गाव शेताकडे पळतं. एकदा खोपोलीच्या बाजूला त्याला कोणीच मिळेना, तेव्हा लग्नाच्या वरातीतला सनईवाला धरून आणला आणि त्यानं पंचनामा संपेपर्यंत सनई काखेतून काढली नाही. असलं काही तुमच्या सिनेमात का नसतं, असं मलाच दरडावून विचारायचा, जणू ते सगळे सिनेमे मीच काढले होते.

पण त्याचा खरा राग वेगळाच होता. तो म्हणायचा, खुनाचा सिनेमा चांगला की टुकार हे ओळखायला खुनी कोण ते शेवटपर्यंत बघत बसायची गरज नाही. मेलेल्याच्या घरी बातमी सांगायला कोण जातं आणि तिथे काय होतं, तेवढं बघावं. टुकार सिनेमात तो प्रसंगच नसतो, किंवा असला तर दार उघडतं, बाई किंचाळते, पुढचं दृश्य. “अगं, सगळ्यात कठीण काम तेच असतं,” तो म्हणायचा. “खुनी काय, आज ना उद्या सापडतो, नाहीतर नाही सापडत. पण ते दार वाजवायला कोणालातरी जावंच लागतं.” नोकरीभर साहेबांनी दार वाजवायला अण्णालाच पाठवलं. त्याचा आवाज मऊ होता म्हणून. घरी येऊन तो कधी कुणाचं नाव घ्यायचा नाही, गाव सांगायचा नाही. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी मात्र त्यानं मला एक गोष्ट सांगितली, आणि तिथून सगळं बिघडलं.

गोष्ट अशी, वीसेक वर्षांपूर्वीची. कडावच्या पलीकडच्या एका गावातला चोवीस वर्षांचा मुलगा, घरोघरचं दूध गोळा करून टेंपोनं डेअरीला पोचवणारा, पळसदरीच्या धरणाच्या काठाला मेलेला सापडला. डोक्यात घाव होता. बातमी द्यायला अण्णा गेला. सकाळचे दहा-साडेदहा वाजले असतील, मुलाची आई चुलीपुढे तांदळाच्या भाकऱ्या भाजत होती, शेजारच्या दोन बायका तिथेच बसलेल्या. अण्णानं उंबऱ्यातूनच सांगितलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं तव्यावरची भाकरी उलटली, ती फुगेपर्यंत थांबली, उतरवून टोपलीत ठेवली आणि मग म्हणाली, “कुटं हाय तो?” अण्णा म्हणायचा, बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी शंभर तऱ्हेचं रडणं पाहिलं, पण त्या भाकरीइतका कशालाच घाबरलो नाही. त्याच्या मते धक्का बसला की माणसाचे हात आपलं नेहमीचं काम करत राहतात, डोकं मागून येतं. जो दिग्दर्शक ती भाकरी दाखवील आणि तिच्याबद्दल एक शब्द बोलणार नाही, तो मोठा. खुनी शेवटपर्यंत सापडला नाही. दर वर्षी त्या तिथीला अण्णा त्या बाईंकडे जायचा, ओसरीवर बसून चहा प्यायचा, तपासात नवीन काही नाही असं तोंडानं सांगून यायचा. निवृत्त झाल्यावरही गेला. असं कोण करतं हो?

आता माझं पाप. माझा विद्यार्थी शूटिंगसाठी खालापूरच्या एका फार्महाऊसवर उतरला होता, वाकडी वाट करून मला भेटायला आला, पाया पडला. म्हणाला, बाई, पोलिसांच्या कामाची बारीकसारीक माहिती असलेलं कोणी आहे का, मला अगदी खराखुरा गुन्हेगारीपट करायचाय. मी हुरळले. म्हटलं, अरे, माझा भाऊच की. अण्णा तीन दुपारी त्याच्याशी बोलला. पंचनामा कसा लिहितात, प्रेत पाण्यातून काढताना दोर कोण धरतं, सगळं. आणि नावगाव गाळून ती भाकरीही सांगितली, कारण बिचाऱ्याला वाटलं, अखेर आपल्याला हवा तसा सिनेमा निघतोय. शेवटी विद्यार्थ्यानं आणि त्याच्या माणसांनी संमतीचा एक इंग्रजी कागद पुढे केला. अण्णा अडला. नोकरीत त्यानं कुणाचाही जबाब वाचून दाखवल्याशिवाय सही घेतली नाही. इतर लोक ‘वाचून दाखवला, बरोबर आहे’ असं आपणच लिहून मोकळे होतात. हा मात्र अंगठेबहाद्दर म्हातारीलाही सावकाश, दोनदा वाचून दाखवायचा आणि तिनं ‘आसं नाय, तसं’ म्हटलं की खोडून पुन्हा लिहायचा. त्यापायी त्यानं साहेबांच्या शिव्या खाल्ल्यात. तर तो अडला आणि त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काय म्हणावं? म्हटलं, “अण्णा, माझा विद्यार्थी आहे तो. कर सही.” आणि त्यानं केली. स्क्रिप्ट झाली की आधी तुम्हाला वाचून दाखवतो काका, असं कबूल करून ती मंडळी गेली ती गेलीच.

सिनेमा थेट मोबाइलवरच आला. आम्ही दोघांनी माझ्या टीव्हीला जोडून पाहिला. भाकरी होती. फार सुंदर दाखवली होती, जाळ, तवा, बाईचे हात... अण्णानं माझ्या गुडघ्यावर थाप मारली. एकदाही थांबव म्हणाला नाही. आणि मग शेवट आला. शेवटी तो हुशार इन्स्पेक्टर त्याच भाकरीकडे परत येतो. पोटचा मुलगा मेल्याचं कळल्यावर ही बाई भाकरी कशी उलटते? कारण तिला आधीच ठाऊक होतं. मुलाला आईनंच मारलेलं असतं. संगीत, पाऊस, आईच्या डोळ्यांवर कॅमेरा, समाप्त. आणि खाली सरकणाऱ्या पाट्यांमध्ये ‘विशेष मार्गदर्शन’ म्हणून माझ्या भावाचं पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

लोकांनी डोक्यावर घेतला तो सिनेमा. काय तो शेवट, काय ते धक्कातंत्र! मी विद्यार्थ्याला फोन करून खडसावलं तर तो शांतपणे म्हणाला, “बाई, शेवटी काहीतरी अनपेक्षित लागतंच. नाहीतर प्रेक्षक दोन तास का बसेल? आणि नाव कुठे घेतलंय आम्ही कुणाचं?” नाव! अरे गाढवा, भाकरीची गोष्ट त्या गावात चुलीपुढे बसलेल्या दोन बायकांपासून अख्ख्या पंचक्रोशीला ठाऊक होती. नाव बदलून काय होणार होतं? महिन्याभरात त्या बाईंना हळदीकुंकवाचं बोलावणं बंद झालं. पाणवठ्यावर त्या आल्या की बायका गप्प व्हायच्या. वीस वर्षं मुलाच्या दुःखावर जगलेल्या बाईला एका सिनेमानं म्हातारपणी खुनी करून टाकलं.

अण्णा तडक गावात गेला. सकाळी सगळे दूध घालायला डेअरीवर जमतात तेव्हा मध्ये उभा राहून त्यानं मोठ्यानं सांगितलं, ते सगळं खोटं आहे, त्या माउलीवर कधी संशयसुद्धा नव्हता. एका पोरसवदा माणसानं खिशातला मोबाइल काढून त्याला शेवटची पाटी दाखवली. “हे तुमचंच नाव हाय ना? मग तुमीच सांगितलं आसंल.” ज्या माणसाच्या शब्दाला तिथे किंमत होती, त्याच्याच नावाचा शिक्का त्या खोट्यावर बसला होता. तो त्या बाईंच्या दाराशी गेला, त्यांनी दार लावून घेतलं. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा तेच. सिनेमावाल्यांना त्यानं पत्र लिहिलं, माझं नाव काढा आणि आई निर्दोष होती अशी ओळ टाका. उत्तर आलं, सर्व पात्रं काल्पनिक आहेत असं सुरुवातीलाच लिहिलेलं आहे. अण्णानं तेही उत्तर घडी घालून खिशात ठेवलं. रिक्षातून उतरवला तेव्हा ते त्याच्या खिशात होतं.

मी गप्प बसणारी नाही. पण दिवसपाणी उरकेपर्यंत काही सुचलं नाही. मग मी हा लेख लिहिला, अर्थात त्या बाईंचं नाव गाळून, कारण अण्णानं ते कधी घेतलं नव्हतं. आणि लेख पाठवण्याआधी तो घेऊन त्यांच्या गावी गेले. अण्णा असता तर वाचून दाखवल्याशिवाय त्यानं तो पाठवू दिला नसता. दार उघडलं. मी कोण ते सांगितलं. आत ये म्हणाल्या नाहीत, पण दारही लावलं नाही. मी ओसरीवर उभ्यानंच वाचलं. माझा आवाज अण्णासारखा मऊ नाही, शाळेत वाचावं तसं खणखणीत वाचलं. भाकरीपाशी आल्यावर त्यांनी मला थांबवलं.

“हात आपलं आपलं काम करतात, आसं म्हनायचा व्हय तुमचा भाव?” त्या म्हणाल्या.

मी हो म्हटलं.

“नाय. ती त्याचीच भाकर व्हती. टेंपो घेऊन आला की खायचा. जळू कशी देऊ?”

वीस वर्षं अण्णा त्या ओसरीवर चहा प्यायला. हजार लोकांना प्रश्न विचारून पोट भरलेला माणूस, पण भाकरी का उलटली हे त्यानं तिला एकदाही विचारलं नाही. त्यानं आपला अर्थ लावला, माझ्या विद्यार्थ्यानं आपला लावला, मी वर्गात फळ्यावर अर्थ लिहिणारी बाई, मीही ऐकून मान डोलावली. अण्णाचा अर्थ दयेचा होता आणि त्या कार्ट्याचा हलकटपणाचा, हा फरक मोठा आहे आणि मी तो कधी विसरणार नाही. तरी त्या क्षणी मला अण्णाचाही राग आला. आणि रडू आलं ते त्यानंतर. बाईंनी मला पाट टाकून बसायला सांगितलं, पाणी दिलं. अण्णा कुठे गेला, कसा गेला ते विचारलं. रिक्षात, तुमच्याकडेच येताना, असं मी सांगितलं.

मी विचारलं, लेख छापू का? काय खोडू, काय ठेवू? अण्णाबद्दलचं सगळं ठेवा म्हणाल्या. भाकरीचं त्यांनी सांगितलं तसं लिहायला सांगितलं. मी उठले तेव्हा त्या म्हणाल्या, “आन् नाव घाला. नाव नाय घातलं म्हनून तर त्यांनी काय बी दाखवलं. माझं घाला, त्याचं बी घाला.”

त्यांचं नाव सुमन. मुलाचं नाव दिनेश. तो दुधाचा टेंपो चालवायचा. त्याला कोणी मारलं हे अजून कोणालाही ठाऊक नाही. त्याच्या आईनं मारलेलं नाही.