शेवटच्या भागातला शब्द

एखाद्या गोष्टीचं सगळेच कौतुक करायला लागले की माझ्या मनात पाल चुकचुकते. भाजीवाल्यानं न मागता कोथिंबीर घातली तर मी घरी येऊन आधी मेथीची जुडी सोडून बघते, आत काय सडलंय म्हणून. त्यामुळं ती जपानी ॲनिमे मालिका 'बघायलाच हवी' असं पाचव्या माणसानं सांगितलं, तेव्हा मी ती बघायला घेतली ती मुख्यतः या सगळ्यांचं खोटं पकडायला.

गोष्ट अशी. माणसं पृथ्वी सोडून निघाली आहेत. जहाजावर सगळे झोपलेले, एकच मुलगी जागी. जहाज सांभाळणारं यंत्र तिच्याशी बोलतं, आणि बोलतं ते तिच्या मेलेल्या थोरल्या बहिणीच्या आवाजात. एकूण बारा भाग. त्यातले निदान चार भाग ती मुलगी खिडकीतून बाहेर बघत बसते, आणि बाहेर काय, तर काळोख. या काळोखाला जगभर बक्षिसं मिळाली म्हणे.

आमच्या कॉलेजच्या मैत्रिणींचा एक व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यात नवरे आले, नवऱ्यांचे मित्र आले, असं करत पुण्याचे एक गृहस्थही आले. मालिकेवरून ग्रुपात दोन तट पडले. एक तट म्हणायचा, असं काही आजवर झालंच नाही. दुसरा म्हणायचा, यापेक्षा आमच्या सासूबाईंचा काशीयात्रेचा व्हिडिओ बरा, त्यात निदान काहीतरी हलतं. मला दोन्ही तटांचा संशय होता. कौतुक करणाऱ्यांना कळलेलं नव्हतं आणि नावं ठेवणाऱ्यांनी तिसऱ्या भागापुढं बघितलेलं नव्हतं. मला स्वतःला आवडली का? विचारू नका. सातव्या भागात मी रडले, पण मी तर कांदा चिरतानाही रडते.

ग्रुपातल्या बऱ्याच जणींना खालची इंग्रजी पट्टी वाचेपर्यंत चित्र पुढं जायचं. म्हणून मी आणि माझी एक मैत्रीण, आम्ही मराठी सबटायटल लिहायला घेतली. मी नांदेडला, विष्णुपुरीकडच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. ती मूळची देगलूरची, शिंप्याच्या घरातली, आता लातूरला शाळेत विज्ञान शिकवते. कॉलेजात असताना आम्ही तीन वर्षं एका खोलीत काढली. विषम भाग माझे, सम तिचे, आणि फाइल दोघींची.

नियम मी घातला होता. भाषा स्वच्छ पाहिजे, गावाकडचं काही येता कामा नये. 'करून राहिली' नको, 'लई' नको, आणि 'हाव' तर अजिबात नको. आमच्याकडं 'हाव' म्हणजे 'हो'. तिच्या घरी दखनी उर्दूत 'हौ' आणि मराठीत 'हाव', आमच्या घरी 'हाव', दोन्ही घरात दिवसातून शंभरदा. पण पुण्याला माझ्या पहिल्या मुलाखतीत मी 'हाव सर' म्हणाले, तेव्हा समोरचे तिघं हसले होते आणि एकानं विचारलं होतं, ''कसली हाव सुटलीय तुम्हाला?'' ती नोकरी मिळाली नाही. तेव्हापासून मी जीभ धुऊन काढली.

बारावा भाग तिच्या वाट्याला होता. त्याच सुमारास तिची अम्मी गेली. मी भेटून आले. म्हणाले, शेवटचा भाग राहू दे, मी करते. ती म्हणाली, ''न्हाई, मीच करते.'' तिनं केला. दर वेळी मी तिचा भाग तपासायचे, पण तेव्हा ग्रंथालयात वार्षिक पुस्तकमोजणी चालू होती. मी न बघताच पुढं पाठवला.

शेवटाला ती मुलगी यंत्राला विचारते, ''आत ताईच आहे ना? की नुसतं यंत्र?'' यंत्र एकच शब्द बोलतं. इंग्रजी पट्टीत साधं 'येस' होतं. आमच्या पट्टीत आलं, 'हाव.'

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या गृहस्थांनी भलामोठा लेखच टाकला. आत ताई नाही, यंत्रही नाही, आत आहे ती हाव! माणसाची कधी न भागणारी हाव! एका शब्दात भाषांतरकर्तीनं मालिकेचा गाभा उघडा केला, वगैरे. झालं, जुने तट मोडले आणि नवे पडले. अर्धे म्हणायला लागले की यंत्रानं मुलीला गिळलं. अर्धे म्हणाले की ताईच होती. परभणीच्या एकानं लिहिलं, ''साहेब, आमच्याकडं हाव म्हणजे हो.'' त्यावर गृहस्थांचं उत्तर, ''तेच तर! द्व्यर्थ!'' आता अशा माणसापुढं कोण डोकं फोडणार?

मी वाट बघत होते की ती सांगेल, अहो, चुकून राहिलं. तिनं ताकास तूर लागू दिली नाही. मग त्या गृहस्थांनी एका रविवारी सकाळी ऑनलाइन चर्चा ठेवली आणि तिला बोलायला बोलावलं. मी इकडं कपड्यांना इस्त्री करत ऐकत होते. तिला विचारलं, हा शब्द कसा सुचला? ती म्हणाली, ''मुद्दाम ठेवलाय.'' एवढंच. पुढं काही नाही.

मुद्दाम! माझ्या हातातली इस्त्री तिथंच राहिली, उशीचा अभ्रा पिवळा पडला. सहा भाग मी केले, त्यांचं कुणी नाव काढलं नाही, आणि ही एका चुकीवर मिरवतेय! हेवा वाटला मला, सरळ सांगते. मग मी मागचं सगळं उकरायला लागले. वसतिगृहात माझी चादर वापरून न सांगता ठेवायची. मी पुण्याची गोष्ट रडत सांगितली तेव्हा ही गप्प बसली होती. तेव्हा वाटलं होतं वाईट वाटून गप्प बसली, आता वाटलं हसू दाबत असेल. संशयाला एकदा दार उघडलं की तो सगळं सामान घेऊनच येतो. त्याच दुपारी मी फाइल उघडली, 'हाव' खोडलं, 'हो' लिहिलं आणि नवी फाइल ग्रुपवर टाकली. तिला विचारलं नाही. नियम होता ना.

त्यानंतर तिचे फोन कमी झाले. मी केला तर 'वर्गावर आहे' असा निरोप. मी म्हटलं, बघा, चोराच्या मनात चांदणं.

दोन महिन्यांनी ग्रंथपालांच्या एका प्रशिक्षणासाठी लातूरला गेले. ते दुपारीच संपलं. मी न कळवता तिच्या घरी गेले. न कळवता गेलं की माणूस खरा सापडतो, हाही माझाच एक नियम. ती वह्या तपासत होती. चहा टाकला. इकडचं तिकडचं झालं आणि मी विचारलंच.

''तो शब्द चुकून राहिला होता ना? मग मुद्दाम कशाला म्हणलीस?''

''चुकून न्हाई राहिला.''

''नियम माहीत होता तुला.''

''हाव, माहीत होता.'' तिनं पेनाला टोपण लावलं. ''अम्मीला शेवटी बोलता येत नव्हतं. सगळे शब्द गेले, मराठी बी, दखनी बी. मी शाळेतून सुट्टी काढून जायची अन् इचारायची, अम्मी, मी आली, वळखलं का? 'हाव', तेवढंच म्हनायची ती. डॉक्टर म्हनले, तिला कळत न्हाई, नुसता आवाज हाय. भाऊ बी तेच म्हनला. मला कळत नव्हतं, आत अम्मी हाय का न्हाई. मग ती पोरगी त्या यंत्राला इचारते. मी दुसरं काय लिहिनार होते?''

मला तेव्हा देगलूरचं ते घर आठवलं. वसतिगृहातून शनिवारी आम्ही जायचो. अम्मी, माझ्या खालाम्मा म्हणजे मावशी, शिलाई मशीनवर बसलेल्या, ओठात टाचण्या. काहीही विचारा, खालाम्मा, भूक लागली, खालाम्मा, ही ओढणी घेऊ का, टाचण्या न काढता त्या दातांतूनच तो शब्द काढायच्या. मी तीन वर्षं तो ऐकला होता. त्या शब्दावर जेवले होते.

''मग पुण्याच्या माणसाला सांगायचं ना हे,'' मी म्हणाले. आवाज माझा मलाच लहान वाटला.

''काय सांगू? माझ्या अम्मीचा शब्द तुमी लोभ म्हनून वाचला म्हनून? हसले असते. तुला हसले होते तसे. तू रडत सांगितलंस त्या दिवशी माझ्या तोंडातून शब्द फुटला नव्हता.'' मग म्हणाली, ''त्यानं काय बी समजू दे. मला वाटलं, तुला कळलं असंल. म्हनूनच तू न बोलता पुढं पाठवलास, असं वाटलं. अन् नंतर बघितलं तर खोडलेला.''

मी न तपासताच पाठवला होता, हे सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. ते सांगितलं असतं तर तिच्याजवळ तेवढंही राहिलं नसतं.

''मी परत घालते तो,'' मी म्हणाले. ''आज घरी गेल्या गेल्या.''

''नको. आता घातलास तर तो तुझा हुईल. माझ्यापाशी जुनी फाइल हाय. मी तीच बघते, शेवटची दोन मिनिटं.''

बाहेर कुणीतरी भंगार गोळा करत ओरडत चाललं होतं. चहावर साय धरली होती.

''ती मला पाठवशील?'' मी विचारलं.

''न्हाई,'' ती म्हणाली, आणि कप उचलून आत गेली.