वाणात गेलेले बाबा

आमच्या फ्रीजमधला भाजीचा कप्पा माझ्या मालकीचा आहे, आणि त्यात भाजी नसते. त्यात कॅमेऱ्याचे रोल असतात. मी अजून रोलवर फोटो काढतो. का, ते विचारू नका. विचारणाऱ्याला मी पाऊण तास उत्तर देतो, म्हणून सोसायटीत आता कुणी विचारत नाही. चाकणला एका कंपनीत मी क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधतो. सुट्टीच्या दिवशी एका फोटोसाठी तासभर उन्हात उभा राहतो आणि बाथरूममध्ये मिट्ट अंधार करून रोल धुतो. (तेवढा वेळ घरच्यांनी दम धरायचा, असा नियम आहे.)

जानेवारीत तळेगावला सासऱ्यांची पंचाहत्तरी झाली. सासरे टूलरूमचे निवृत्त फोरमन. एक सूत इकडचं तिकडे खपत नाही. बारा वर्षं झाली तरी जावयाला काही नीट जमतं, यावर त्यांचा विश्वास बसलेला नाही. तो बसवायची हीच संधी, म्हणून मी जाहीर केलं की आज कुणी मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत. फोटो मी काढणार, खरे फोटो! पाहुण्यांचे मोबाइल मी स्वतः परातीत गोळा केले. आईचा तेवढा घरीच राहिला होता, असं ती म्हणाली.

सासऱ्यांनी एवढंच विचारलं, "येतील ना?"

"बाबा, निर्धास्त राहा."

त्या दिवशी मी छत्तीसच्या रोलवर एकेचाळीस फोटो काढले. जुना कॅमेरा आणि मुरलेला हात असला की असं होतं, हे मी चार जणांना ऐकवलंही. मग रोल काळ्या डबीत घातला, वर पट्टी चिकटवून 'बाबा ७५' लिहिलं आणि फ्रीजमध्ये ठेवला.

पुढच्याच आठवड्यात आमच्याकडे हळदीकुंकू होतं. बायको, वैशाली, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकली. तिनं फोनवर आईला सांगितलं, की फ्रीजवरच्या पिशवीत कुंकवाच्या डब्या आहेत, त्या वाण म्हणून द्या आणि सुरुवात करा. आईनं 'फ्रीजमधल्या' ऐकलं. मी घरी पोहोचलो तेव्हा माझा कप्पा रिकामा होता आणि आई खुशीत होती.

"अकराच्या अकरा डब्या लुटल्या," ती म्हणाली. "बाया म्हणत व्हत्या, यंदा वाण जड हाय."

मी खालीच बसलो. मग उठून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. आयुष्यभराची मेहनत, कलेची कदर, या घरात माझ्या वस्तूला किंमत नाही, वगैरे. एकेचाळीस फोटो होते त्यात, हे मी चारदा सांगितलं. आई फक्त एवढंच म्हणाली, की दिलेलं वाण मागं घेत न्हाईत, आणि गड्यानं तर न्हाईच न्हाई. तेव्हा तीच येणार, पुन्हा कुंकू लावणार, तिळगूळ देणार आणि नवी डबी देऊन जुनी आणणार.

अशा रीतीने आठवड्याभराने आमच्याकडे दुसरं हळदीकुंकू झालं, फिरतं; आई पुढे, मी मागे. दुसऱ्या मजल्यावर डबीत मशेरी भरली होती आणि रोल खेळण्यांत होता. पाचव्यावर एकीनं रोलमधली पट्टी पार उलगडून दाराच्या तोरणाला गुंडाळली होती. चमकते म्हणे! मी आधी तिची डबी उलटसुलट करून पाहिली. नशीब, तिच्यावर चिकटपट्टी नव्हती. दहा घरं झाली तरी 'बाबा ७५' मिळेनात. अकराव्या घरी पवारकाकूंनी शांतपणे सांगितलं, की ती डबी त्यांनी तळवड्याच्या बहिणीला वाण म्हणून देऊन टाकली. (वाण एका घरात फार दिवस टिकत नाही, हे त्यांना सांगायची गरज नव्हती.)

आईला गाडीवर मागे बसवून, तिच्या हातात करंडा, असे आम्ही तळवड्याला गेलो. डबी देव्हाऱ्यात होती. तिला कुंकू लावलेलं होतं, वर शेवंतीचं फूल.

"बाबांची उदी आहे ना ती," बहीणबाई म्हणाल्या. "उघडली नाही मी. पण घरात आली आणि चौथ्या दिवशी ह्यांना कंपनीनं पर्मनंट केलं. आता नाही देणार."

सात वर्षं कंत्राटावर काढलेल्या माणसाच्या बायकोला मी काय सांगणार, की ती उदी नाही, माझे सासरे आहेत? शेवटी आईनंच तोड काढली. बाबा डबीत ऱ्हाऊ द्या, म्हणाली, आतली गुंडाळी तेवढी ह्याला द्या. बाईंनी डोळे मिटून, हात जोडून रोल काढून दिला आणि विचारलं, हे बाबा कुठले.

"तळेगावचे," आई म्हणाली. "लई कडक हायेत."

घरी येताच मी बाथरूममध्ये शिरलो. रसायनं घड्याळ लावून ओतली, रोल धुतला आणि उजेडात धरला. पट्टी स्वच्छ, पारदर्शक. कडेला कारखान्याने छापलेले एक ते छत्तीस आकडे होते, मध्ये काही नव्हतं. रोलचं टोक कॅमेऱ्याच्या चाकात अडकवायला मी विसरलो होतो. चाक नुसतंच फिरत राहिलं आणि रोल जागचा हलला नाही. म्हणून तर छत्तीसवर न थांबता एकेचाळीस फोटो 'निघाले'. ज्यासाठी मी आईला नाही नाही ते बोललो, ते मुळात नव्हतंच. मला फार लाज वाटली.

आई दाराशी उभी होती. माझं तोंड बघून तिनं पदराआडून मोबाइल काढला.

"येक काढलाय म्या, ओवाळताना," ती म्हणाली. "तू रागावशील म्हून बोलले न्हाई."

तो फोटो आता सासऱ्यांच्या हॉलमध्ये मोठा करून लावला आहे. त्यात डोळ्याला कॅमेरा लावून वाकलेला मी आहे, पाठमोरा, सगळ्यांच्या पुढे. माझ्या खांद्यावरून सासऱ्यांचा उजवा कान दिसतो. पाहुणे आले की ते आधी कानावर बोट ठेवतात.

"हा मी," ते म्हणतात. मग बोट माझ्या पाठीवर येतं. "आणि हे आमचे जावई. फोटो काढताहेत."