करडू आणि किडनॅप

सौसरच्या शाळेत वृषालीबाई इंग्रजी शिकवत. धड्यात नवा शब्द आला की अर्थाआधी त्याचं माहेर सांगायची त्यांना भारी हौस. लग्न त्यांनी केलं नाही. धाकटी बहीण बाळंतपणात गेली तेव्हा तिचे यजमान अभिजीत हात जोडून म्हणाले होते, "ताई, मले एकट्याले नाही जमत." तेव्हापासून तान्ही गायत्री मावशीकडेच वाढली. अभिजीतनी पुढे नागपुरात दुसरं लग्न केलं आणि त्यांच्या भेटी विरळ झाल्या.

गायत्री चौथीत असताना एका शनिवारी मावशी-भाची जामसांवलीला मारुतीच्या दर्शनाला गेल्या. परतल्या तर अंगणात अभिजीत उभे. न सांगता आले होते, दुपारभर दाराचं कुलूप बघत बसले होते. गर्दीत मावशीला फोनची रिंग काही ऐकू आली नव्हती.

"कुठं नेली होती तिले? माही पोरगी किडनॅप करून ठेवली तुमी!"

आरडाओरडा ऐकून शेजारची शकुबाई दारात आली. वृषालीबाईंनी किल्ली शोधायला पिशवीत हात घातला. गायत्रीने मात्र त्यांचा पदर ओढला. "मावशी, किडनॅप म्हंजे काय व?"

सवयीनं उत्तर निघालं. "किड म्हंजे बकरीचं करडू. इंग्रज बोलता बोलता लेकरालेबी किड म्हणू लागले. न् नॅप म्हंजे झडप घालून नेणं. तीन-साडेतीनशे वर्षांआधी पोरं पळवून जहाजानं अमेरिकेत मजुरीले धाडत, त्या धंद्यातून हा शब्द आला. मंग गोष्टींत शिरला. इस्टेटीसाठी पुतण्याले पळवणारे काका त्यात लय. आता त मैतरणीले हात धरून जेवाले नेलं, तरी लाडानं लिहितात, किडनॅप केलं म्हणून."

"म्हंजे मी करडू?" गायत्री खुदकन हसली. "पण बाबा, मले कोणी झडप नाही घातली. मी त इथंच राहते."

अभिजीत ओट्यावर मटकन बसले. "चुकलं, ताई. कुलूप पाहून वाटलं, तिची माय गेली, आता हेबी गेली."

वृषालीबाईंनी पाणी आणून दिलं. मग इतकी वर्षं गिळलेला प्रश्न विचारला. "नेता का तिले?"

"नाही. तिची माय त तुमीच. पण मले तिचा बाप होऊ द्या."

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत अभिजीतची बायको दामिनी स्वतः गायत्रीला नागपूरला न्यायला आली. गायत्री गेली त्या पहिल्या संध्याकाळी वृषालीबाईंनी रोजच्यासारखा दोघींचा स्वयंपाक केला आणि ताट झाकून शकुबाईकडे जाऊन बसल्या. तेवढ्यात दामिनीचा फोन आला. "ताई, गायत्री म्हणते, मावशीसारखीच वेणी पायजे. कशी घालता व तुमी?"

"आधी तेल लाव," वृषालीबाई म्हणाल्या, "न् भांग डाव्या अंगानं पाड. तिथं भोवरा हाये तिले."