अंगातलं पाणी

आज सिस्टरने यांच्या हातापायाला चिकटपट्ट्या लावल्या, वायरी जोडल्या आणि अंगात पाणी किती साचलंय ते मशीनवर मोजलं. रक्तात जंतू पसरल्यामुळे हे आयसीयूत आहेत. अंग इतकं सुजलंय, की चेहरा ओळखीचा वाटत नाही.

"यांना दुखत नाही ना?" मी हळूच विचारलं.

"नाही हो मावशी. पाणी वाढलं की औषध त्यात पातळ होतं. म्हणून मोजून डोस वाढवायचा."

सिस्टर गेली. मी बघत बसले. यांच्या आत केवढं मोठं तळं भरलंय, असं वाटायला लागलं. वारा नाही, लाट नाही. सलाईनमधून औषध थेंबथेंब त्यात उतरतंय आणि पार तळाशी हे एकटेच बसलेत.

लग्न झाल्यापासून मी यांना 'अहो' म्हणते. नाव कधी घेतलं नाही. आज कानाशी वाकून नाव घेतलं, अगदी हलक्या आवाजात. डोळे मिटलेलेच राहिले.

एवढ्या पाण्यात माझा आवाजही पातळ होत असेल. मग मी मोठ्यानं हाक मारली. शेजारच्या खाटेजवळचे लोक वळून बघायला लागले. मी आणखी मोठ्यानं हाक मारली.